ड्रोन घेऊन कोकण किनाऱ्याची रोड ट्रिप: प्लॅन कसा करायचा

पाऊस संपला की माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ड्रोन घेऊन कोकणात जायचं असतं आणि बहुतेक जण प्लॅन चुकीच्या टोकापासून करायला घेतात. म्हणजे आधी हॉटेल बुक करतात, मग मासे कुठे चांगले मिळतात ते बघतात, आणि मग दोन मुक्कामांच्या मधे जे काय सुंदर दिसेल तिथे गाडी थांबवून ड्रोन उडवू असं ठरवतात. साध्या ट्रिपला हे चालतं. ड्रोन बरोबर असेल तर क्रम उलटा करा: आधी नकाशावर बघायचं की उडवायला कुठे मोकळीक आहे, मग तिथे सकाळचा वारा आणि पाणी कसं असेल ते, आणि मग त्या जागेपासून दहा-पंधरा मिनिटांवर मुक्काम शोधायचा. कारण किनाऱ्यावर खरी उडवायची वेळ म्हणजे उजाडल्यापासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंतची. तेवढ्या वेळात तुम्ही पन्नास किलोमीटर लांबच्या हॉटेलात पोहे खात असाल तर दिवस गेला.

मी इथे पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, मग वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, कशेळी करत देवगडपर्यंतचा रस्ता धरून सांगते. मुंबईवाल्यांनी माणगावला येऊन जॉईन व्हायचं. अलिबाग-मुरूड मुद्दाम सोडलंय, तिकडे वीकेंडला किनाऱ्यावर एवढी गर्दी असते की माणसांच्या डोक्यावरून उडवल्याशिवाय काही मिळत नाही आणि ते करायचंच नाहीये.

कागदपत्रं, निघायच्या निदान महिनाभर आधी

आपल्याकडे ड्रोनला ड्रोन रूल्स २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, फिरायला नेतात ते ड्रोन या दोनातच बसतात. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ऑनलाइन पोर्टलवर ड्रोन रजिस्टर करून त्याचा युनिक नंबर, म्हणजे यूआयएन, घ्यायचा असतो. पायलटचं सर्टिफिकेट नॅनोला लागत नाही, मायक्रो हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही, पण मायक्रो घेऊन कोणाचं पैसे घेऊन शूट करणार असाल, मग ते रिसॉर्टचं असो नाहीतर प्रीवेडिंग, तर लागतं. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्स कंपल्सरी आहे. नॅनोला नसला तरी मी म्हणेन काढा, कारण आंब्याच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात २४९ ग्रॅम वरून पडलं तर ते काय कमी लागत नाही.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन आणि संरक्षण वगैरेसाठीच सूट आहे. त्यामुळे बाजारात जे बॉक्स ‘इंपोर्टेड’ म्हणून मिळतात किंवा दुबईहून कोणीतरी आणून देतं त्याचं रजिस्ट्रेशन करताना अडचण येते. भाड्याने घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, याला यूआयएन आहे का, आणि त्याचा कागद बरोबर द्या म्हणावं. हे सगळे कागद फोनमधे ठेवा आणि एक प्रिंटही ठेवा. किनाऱ्यावर पोलिसदादांनी विचारलं आणि तिथे नेटवर्कच नसेल तर फोनमधली लिंक उघडत बसता येत नाही.

लाल, पिवळा, हिरवा

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा एअरस्पेस मॅप उघडा, त्यात कुठे उडवता येतं ते रंगांनी दाखवलेलं असतं. हिरव्या झोनमधे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, त्याच्या वर पिवळा झोन सुरू होतो आणि पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी पाहिजे. लाल म्हणजे केंद्र सरकारची परवानगी, म्हणजे आपल्यासाठी नाहीच. आणि हा मॅप एकदा बघून सोडायचा नाही, उडवायच्या दिवशी परत बघायचा, कारण राज्य सरकार किंवा पोलिस एखादी जागा ९६ तासांपर्यंत तात्पुरती लाल करू शकतात. मंत्र्यांचा दौरा, यात्रा, काहीही कारण असतं. शिवाय जिल्हा प्रशासनाचे ड्रोनबंदीचे आदेश वेगळे निघतात, ते मॅपवर दिसतीलच असं नाही, म्हणून ज्या तालुक्यात मुक्काम आहे तिथल्या पोलिस स्टेशनला आदल्या दिवशी फोन करून विचारा. फोन करून, नाव-गाव, ड्रोनचा नंबर, कुठे आणि किती वाजता उडवणार हे सांगून ठेवलं की नंतर कोणी तक्रार केली तरी गोष्ट पाच मिनिटात मिटते.

आता या रस्त्यावर कुठे कुठे जपायचं ते सांगते. निघाल्या निघाल्या पुण्यातच मोह होतो, खडकवासल्याचं बॅकवॉटर. तिथे एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, विसरून जा. लोणावळ्याकडून जाणार असाल तर तिथे नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे. ताम्हिणीत अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही, मग घाट कितीही हिरवागार दिसो. ताम्हिणी डोळ्यांनी बघायची आणि पुढे जायचं.

किनाऱ्यावर आलं की किल्ले. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आणि खाली विजयदुर्ग, दोन्ही भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आणि जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी. खात्याची लेखी परवानगी नसेल तर त्यांच्यावरून उडवायचं नाही. सगळ्यांना पाण्यातला किल्ला वरून पाहिजे असतो हे मला कळतं, पण हर्णै बंदरातून, जमिनीवर उभं राहून टेलीलेन्सने काढलेला सुवर्णदुर्ग संध्याकाळी इतका सुरेख येतो की ड्रोनची आठवण होत नाही.

मग येतात प्रकल्प. दाभोळ खाडीच्या दक्षिण तोंडाला अंजनवेलचा वीज प्रकल्प आणि गॅस टर्मिनल, जयगडला वीज प्रकल्प आणि बंदर. गंमत बघा, गाडी फेरीबोटीत चढवून जायच्या दोन सगळ्यात भारी जागा, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, नेमक्या यांच्या शेजारी. तिथे ड्रोन बॅगेतच. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे म्हणून शहर, भाट्ये, मिऱ्या हे सगळं सोडायचं, आणि आरे-वारे जे सगळ्यांना पाहिजे असतं ते पण या विमानतळापासून लांब नाही, तिथे २०० फुटांची मर्यादा लागते की अजून काही ते मॅपवर पिन टाकून बघूनच ठरवा. माडबनला अणुऊर्जा प्रकल्पाची जागा आहे, त्या बाजूलाही तेच. आणि देवगडच्या खाली? भोगवे, निवती, देवबाग ही सगळी मंडळी चिपी विमानतळाच्या शेजारी, मालवणचा किनारा सागरी अभयारण्यात, त्याच्याही खाली गेलात तर गोव्याचा मोपा विमानतळ. म्हणून मी ट्रिप देवगड-कुणकेश्वरला संपवते. तारकर्लीला जा जरूर, पण पोहायला जा.

इतकं सगळं वजा केल्यावर राहतं काय? भरपूर राहतं. हरिहरेश्वर ते आंजर्ले, मग गुहागर ते हेदवी, मग पूर्णगड ते देवगड, या तीन पट्ट्यांत लोकांनी न काढलेल्या इतक्या फ्रेम्स पडून आहेत की एका ट्रिपमधे संपणार नाहीत.

वारा: मतलई आणि खारे

शाळेत भूगोलात वाचलेलं इथे उपयोगी पडतं. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून येतात ते खारे वारे, साधारण अकराच्या पुढे सुरू होतात आणि दुपारी दोन ते पाच जोरात असतात. मधे एक वेळ असते, आठ-साडेआठच्या आसपास, जेव्हा एक थांबलेला असतो आणि दुसरा अजून सुरू झालेला नसतो, पाणी आरशासारखं होतं. तीच वेळ पकडायची.

पण यात एक धोका आहे जो फार कमी लोक सांगतात. पहाटे वारा समुद्राकडे वाहत असतो, म्हणजे तुम्ही ड्रोन समुद्रात पाठवलात की तो मस्त भरभर जातो, बॅटरीही कमी खाल्ली जाते, आणि तुम्हाला वाटतं आज काय बॅटरी टिकतेय. परत येताना तोच वारा समोरून. जायला २० टक्के गेले असतील तर यायला ३५ जाऊ शकतात, आणि खाली पाणी, म्हणजे वाटेत उतरवायची सोय नाही. त्यामुळे सकाळी आधी जमिनीच्या दिशेला, गावाकडे, खाडीकडे उडवा आणि समुद्राकडे जायचंच असेल तर पाऊणशे टक्के बॅटरी हातात असताना जा आणि निम्म्यावर परत फिरा. घरी मैदानात २५-३० टक्क्यांवर परत आणायची सवय असेल ती इथे सोडा.

वाऱ्याचा अंदाज विंडी ॲपवर बघा, पण जमिनीलगतचा नाही, शंभर मीटर उंचीवरचा लेयर लावून बघा, आकडा बराच वेगळा असतो. छोट्या ड्रोनपैकी काहींच्या माहितीपत्रकात सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी ३८ किलोमीटर वारा सहन होतो असं असतं. तो आकडा टिकून राहण्यासाठी आहे, शूटिंगसाठी नाही. ताशी २० च्या वर गेला की मी ड्रोन काढत नाही. मच्छीमाराला विचारलं तर तो ॲपपेक्षा बरं सांगतो, आज वारं कधी फिरेल ते त्याला माहीत असतं, आणि विचारलं की ओळखही होते.

महिना कुठला? ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबरात सडे, म्हणजे जांभ्या दगडाचे माळ, अजून हिरवे-सोनेरी असतात, हवा धुतलेली असते. जानेवारीत थंडी छान पण खाडीत सकाळी धुकं बसतं, दिसायला स्वप्नवत, पण धुक्यात ड्रोन घालायचा नाही, आत ओलावा जातो आणि ड्रोन डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे हा नियमही मोडतो. धुकं उठेपर्यंत चहा घ्या. मार्चपासून हवा धुरकट आणि वारा वाढलेला. जून ते सप्टेंबर नाव काढू नका.

तिथीवरून भरती काढायची

हे मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटावर बरोबर नसतं पण प्लॅन करायला पुरेसं आहे, नक्की वेळ मग टाइड ॲपवर बघा.

आता याचा उपयोग. पौर्णिमा किंवा अमावस्या आणि त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस, या दिवसांत सकाळी पाच ते आठच्या मधे पूर्ण ओहोटी येते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत जातं. म्हणजे उजाडताना किनारा सगळ्यात रुंद, ओल्या वाळूवर पाण्याने काढलेली झाडासारखी नक्षी, कातळांच्या मधे साठलेली डबकी, सगळं वरून बघायला मिळतं. हरिहरेश्वरचे लाटांनी कोरलेले कातळ बघायचे तर हेच दिवस. उलट अष्टमी ते दशमी, या दिवसांत सकाळी सहा-साडेसातला भरती, म्हणजे किनारा अगदी चिंचोळा पण खाड्या भरलेल्या, कांदळवनं पाण्यात उभी. भांगाची भरती असल्याने पाणी फार चढत नाही पण खाडी काठोकाठ दिसायला तेवढं बस आहे. म्हणजे किनारा पाहिजे असेल तर पौर्णिमा-अमावस्येनंतर निघा, खाडी पाहिजे असेल तर अष्टमीच्या आसपास. सुट्टी टाकायच्या आधी कालनिर्णय उघडा, ऑफिसचं कॅलेंडर नंतर.

आणि मला विचाराल तर खाडीच घ्या. बीच वरून सगळे सारखे दिसतात, एका बाजूला निळं, एका बाजूला माड, मधे पांढरी रेघ. खाडीचं तसं नाही. सावित्रीचं मुख बाणकोटला वेगळं, केळशीची भारजा वेगळी, आंजर्ल्याची जोग नदी होड्यांच्या रांगेतून वळत समुद्राला मिळते ती वेगळी, पूर्णगडची मुचकुंदी वेगळी. पाण्याचा रंग बदलतो, गाळाचे पट्टे, मधे एखादी होडी, काठाला भातखाचरं, वाडीचे लाल कौलारू पट्टे. कॅमेरा सरळ खाली करून नव्वद अंशात काढा, अशा फ्रेममधे आकाश लागतच नाही.

अजून एक गोष्ट प्रकाशाची. पश्चिम किनारा आहे, सूर्य मागून, सड्याच्या आडून येतो. त्यामुळे सूर्योदयाच्या टाइमला बीचवर काही खास नसतं, ऊन पाण्यावर पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग ते तुमच्या पाठीमागून येऊन लाटांवर पडतं आणि पाण्याचा खरा रंग दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर असतो, सगळं काळं-सोनेरी, सिल्हूट छान पण वारा असतो. म्हणून संध्याकाळ फक्त वारा पडला तरच.

मुक्काम आणि रस्ता

पहिला मुक्काम हरिहरेश्वर. पुण्याहून पाच-साडेपाच तास धरा, त्या दिवशी उडवायचं नाही, संध्याकाळी जागा बघून ठेवायची, तारा कुठे आहेत, माड किती उंच, उतरवायला मोकळी जागा कुठे. सकाळी उडवायचं आणि देवळाच्या वरून न्यायचं नाही. मग बागमांडला-वेसवी फेरीबोट, गाडी चढते, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. इथे एक तांत्रिक गोष्ट, चालत्या बोटीवरून ड्रोन सोडू नका. ड्रोन जिथून उडाला ती जागा घर म्हणून लक्षात ठेवतो, सिग्नल गेला तर तो तिथेच परत येणार, आणि तोवर तिथे बोट नसते, सावित्री असते. बोटीचा शॉट पाहिजे तर काठावर उभं राहून, मॅप बघून, पुढची बोट येईल तेव्हा काढा.

दुसरा मुक्काम केळशी किंवा आंजर्ले, आणि इथे दोन रात्री काढा. माझ्या मते सगळ्या रस्त्यातला हा सर्वात श्रीमंत तुकडा आहे. केळशीची वाळूची टेकडी, भारजेचं मुख, आंजर्ल्याची खाडी, पाडले-आडेचा वळणांचा रस्ता, सगळं अर्ध्या तासाच्या आत. दोन सकाळी मिळाल्या तर एक वाऱ्याने फुकट गेली तरी एक राहते. पुढे दाभोळ फेरी (ड्रोन बॅगेत!), गुहागरला एक रात्र, वेळणेश्वरचा अर्धचंद्र किनारा आणि बुधलचं छोटंसं कोळीवाडीचं वळण. तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, संस्थानच्या आवारात ड्रोन नको, आणि रत्नागिरी न थांबता पार करा.

तिसरा मोठा मुक्काम पूर्णगड-कशेळीच्या बाजूला. इथे सडा आहे. जांभ्याचा सपाट माळ, कुठे कुठे कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती माहीत असेल, साधारण १८ मीटर लांब, पायाशी उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, वरूनच कळतं. देवाचे गोठणे, बारसू, उक्षी इथेही आहेत. ही ठिकाणं २०२२ मधे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत आणि काही संरक्षित आहेत, म्हणून आधी गावात विचारा, पुरातत्त्व विभागाचा बोर्ड असेल तिथे परवानगीशिवाय उडवू नका. जिथे परवानगी मिळेल तिथेही ड्रोन चित्राच्या बाहेर लांब उतरवायचा आणि रेषांवर पाय ठेवायचा नाही. ऊन तिरपं असताना, सकाळी आठच्या आत, रेषांत सावली भरते तेव्हाच त्या उठून दिसतात, दुपारी सपाट होतात.

पेट्रोल दापोलीत आणि गुहागरात फुल करा, किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यावर पंप शोधत फिरायला लागतं. फेरीसाठी रोख पैसे ठेवा. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, ड्रोनच्या ॲपमधला नकाशाही हॉटेलच्या वायफायवर एकदा त्या जागेवर झूम करून ठेवा म्हणजे कॅश होतो.

उडवण्याआधीची सेटिंग

रिटर्न टू होमची, म्हणजे सिग्नल गेल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून परत येतो ती उंची. माड २०-२५ मीटर सहज असतो, आणि मागे सडा अजून वर. ड्रोन उडवता तिथून आजूबाजूची सगळ्यात उंच गोष्ट किती वर आहे ते बघून त्याच्यावर तीस मीटर तरी सेट करा. किनाऱ्यावर मी ७० ठेवते, सड्याच्या पायथ्याशी असेन तर १००-११०. आणि लक्षात ठेवा, ॲपवरची उंची उडवल्या जागेपासून असते, खालच्या जमिनीपासून नाही. सड्याच्या कड्यावरून उडवून समुद्रावर गेलात तर स्क्रीनवर ८० दिसेल आणि पाण्यापासून तुम्ही कधीच १२० च्या वर गेलेले असाल.

पाण्याच्या जवळ उडवू नका. पोटाखालचे सेन्सर हलणाऱ्या पाण्यावर गोंधळतात, ड्रोन आपोआप सरकतो किंवा खाली येतो. लाटांवर पाच-सहा मीटरच्या खाली जायचं कामच नाही, फेस उडतो तोही खारा.

जांभा लोखंडाने भरलेला दगड आहे, त्याचा रंगच त्यामुळे. सड्यावर ड्रोन थेट दगडावर ठेवला तर कंपासचा एरर येऊ शकतो. आला तर तिथेच कॅलिब्रेट करत बसू नका, जागा बदला, मातीवर जा. गाडीच्या बॉनेटवरून किंवा लोखंडी सळ्यांच्या जेटीवरून उडवणं पण टाळा. वाळूवर फोल्डिंग लँडिंग पॅड आवश्यक, नाहीतर पहिल्याच टेक ऑफला गिंबलमधे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागात, वाळू. पॅड नसेल तर गाडीतलं रबरी मॅट उलटं घाला, चालतं.

व्हिडिओसाठी एनडी फिल्टर न्या, म्हणजे लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच. २५ फ्रेमला शटर १/५० च्या आसपास ठेवायचं तर आठनंतर एनडी १६, दहानंतर ३२ लागतो, त्याशिवाय लाटा कुरकुरीत तुटक दिसतात. अगदी सकाळी काही लागत नाही.

माणसं, पक्षी, कासवं

वाडीत गेल्यावर आधी कोणाशी तरी बोला. ‘काका, वरून खाडीचा फोटो काढायचाय, चालेल का?’ एवढं बस असतं. रात्री ड्रोन फिरतात, घरं हेरतात अशा बातम्यांनी गावागावात लोक घाबरलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. त्यामुळे अंधारात उडवायचं नाही, घरांच्या खळ्यांवर, विहिरीवर, मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या वर घिरट्या घालायच्या नाहीत. पोलिस पाटील किंवा सरपंचांचा नंबर होमस्टेवाल्यांकडून घ्या. मुलं जमतात, त्यांना स्क्रीन दाखवा, पण टेक ऑफच्या वेळी पाच मीटर मागे उभं करा, पाती बोटं कापतात. आणि उतरल्यावर काकांना त्यांच्या वाडीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, विसरू नका.

या किनाऱ्यावर समुद्री गरुड घरटी करतात, उंच झाडांवर, आणि ब्राह्मणी घारी तर सगळीकडे. पक्षी ड्रोनभोवती फिरायला लागला की लगेच संपवा, सरळ वर घ्या, वर चढताना त्यांना पाठलाग जड जातो, आणि मग लांबून वळसा घालून उतरवा. घरटं दिसलं तर त्या जागी परत उडवायचंच नाही, पिल्लं सोडून पक्षी उडाला तर नुकसान त्याचं होतं. बंदरात मासे सोलतात तिथे घारी शेकड्याने असतात, हर्णै त्यातलंच.

वेळास, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडतात. त्या काळात किनाऱ्यावर ड्रोन नाही, विषय संपला. तिथल्या कासवमित्रांबरोबर दोरीच्या मागे उभं राहून बघा.

रोजचा धंदा

हॉटेलवर पोचल्या पोचल्या पहिलं काम चार्जिंग, जेवण नंतर, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. तीन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक हबवर व्हायला तीनेक तास लागतात. एक कार चार्जर ठेवा, ताम्हिणी ते माणगाव तेवढ्यात एक भरते. बॅटऱ्या उन्हात उभ्या गाडीत सोडायच्या नाहीत, फुगतात. एखादा दिवस उडवणार नसाल तर ६० टक्क्यांवर ठेवा. उडवून झाल्यावर बॅटरी गरम असते, ती थंड झाल्यावरच चार्जला लावा.

मीठ हा इथला खरा शत्रू, दिसत नाही आणि मोटरच्या आत बसतं. रोज सकाळचं उडवणं झालं की मायक्रोफायबर कापड अगदी किंचित ओलं करून अंग पुसा, मग कोरडं, आणि हवेच्या फुग्याने मोटरमधली वाळू काढा. पाती रोज बोटाने चाचपून बघा, छोटी चीर असली तरी बदला, जादा जोडी आणि स्क्रू ड्रायव्हर डब्यात हवाच. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या.

रोज रात्री कार्ड दोन जागी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका. लॅपटॉप न्यायचा नसेल तर फोनला जोडायचा छोटा एसएसडी चालतो.

देवगडला पोचलात की शेवटची सकाळ कुणकेश्वरच्या बाजूला, देऊळ आणि गर्दी सोडून उत्तरेच्या मोकळ्या टोकाला, संस्थानच्या माणसांना विचारून. परतीला फोंडा किंवा गगनबावडा चढून कोल्हापूर. घाटात थांबून उडवायचा विचार येईल, कडे खुणावतात, पण वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पलीकडे गेला की ड्रोन एकदम खाली ओढला जातो, वर एका बाजूला राधानगरी अभयारण्य. त्या दिवशी बॅटऱ्या निम्म्यावर आणून बॅग डिकीत टाका आणि कोल्हापुरात मिसळ खाऊन हायवेला लागा.